गच्चीवरचे पाणी मोरीपर्यंत नेताना

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मृग नक्षत्र जवळ आले की आपल्या दैनिकात पावसाचे पाणी अडवण्याची, साठवण्याची आणि घरात वापरण्याची आवाहने नेमाने प्रसिद्ध होतात. असेच एक आवाहन तीन वर्षांपूर्वी मी मनावर घेतले. तेव्हापासून गच्चीवरचे पाणी घरात वापरण्याच्या खटपटीत महापालिकेच्या तीन विभागांच्या पायऱ्या मी चढलो असून, त्या अनुभवावरून काही लिहावेसे वाटते. पावसाचे पाणी घरात वापरायला कायद्याची आडकाठी असेल असे अनेकांना वाटते, सुरुवातीला मलाही वाटत होते. प्रत्यक्षात नियम उदार आहे आणि बऱ्यापैकी तपशीलवारही आहे. अडचण अशी की तो इमारतीच्या नकाशासाठी लिहिला गेला आहे आणि ज्यांनी तो राबवायचा ते त्यातला आपापल्या विभागापुरताच तुकडा वाचतात.

माझे घर अडीच गुंठ्यांवरचे, १९८९ साली बांधलेले, एकमजली. गच्ची साधारण ९० चौरस मीटर भरते. आमच्या भागात वर्षाला सरासरी ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी होते, त्या हिशेबाने गच्चीवर वर्षाला ६३ हजार लिटर पाणी पडते. बाष्पीभवन, उडणारे शिंतोडे आणि वाहून जाणारे पहिले पाणी वजा केले तरी ५० हजार लिटर हाती लागायला हरकत नाही. घरात आम्ही तिघे. माणशी रोज १३५ लिटर पाणी हा जो सर्वमान्य मापदंड आहे, त्यातले ४५ लिटर एकट्या फ्लशसाठी धरलेले असते, म्हणजे आम्हा तिघांचे रोजचे १३५ लिटर पाणी, तेही शुद्ध करून, क्लोरिन घालून, मैलोगणती पंपाने आणलेले, संडासात जाते. एवढे जरी गच्चीवरच्या पाण्यावर भागवता आले तरी पाच हजार लिटरची टाकी एकदा भरल्यावर महिनाभर सहज पुरेल, असे मी कागदावर मांडले. पावसाळ्यात सगळीकडे पाणीच पाणी असताना या काटकसरीचा उपयोग काय, असा प्रश्न मला पुष्कळांनी विचारला. त्याला माझे उत्तर असे की धरणे सर्वांत रिकामी असतात ती जून आणि जुलैच्या पूर्वार्धात, आणि पाणीकपात बहुधा त्याच दिवसांत लागते. गच्चीवर पाऊस सुरू होणे आणि धरण भरणे यांत जे चार-सहा आठवडे जातात, त्या काळात घरोघरी वाचणारे पाणी खऱ्या अर्थाने धरणातच राहते.

बांधकाम परवानगी विभागात मी प्रथम गेलो. तेथील अभियंत्यांनी माझे म्हणणे पुरते ऐकूनही न घेता, ‘तुमचा प्लॉट पाचशेच्या आत आहे, तुम्हाला हे लागूच नाही,’ असे सांगून कागद परत दिले. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. मुंबई आणि काही विशेष क्षेत्रे वगळता राज्यभर डिसेंबर २०२० पासून जी एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे, तिच्यात पर्जन्यजल संचयाची सक्ती ५०० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांवरील नव्या बांधकामांना, पुनर्बांधणीला आणि वाढीव बांधकामांना आहे. पाचशे चौरस मीटर म्हणजे जवळपास पाच गुंठे. आमच्या वसाहतीत एवढा भूखंड कोणाचाच नाही, आणि राज्यातल्या जुन्या बंगल्यांच्या व रो-हाउसच्या वसाहतींमध्येही तो क्वचितच सापडेल. तमिळनाडूने २००३ मध्ये सर्वच इमारतींना ही व्यवस्था सक्तीची केली आणि बेंगळुरूत नव्या बांधकामाचा ३० बाय ४० फुटांचा भूखंडही नियमाच्या कक्षेत येतो. आपल्याकडेही मर्यादा खाली आणावी, असा माझा आग्रह नाही, कारण सक्तीने बांधलेल्या खड्ड्यांचे पुढे काय होते ते खाली लिहितोच. मात्र ‘सक्ती नाही’ याचा अर्थ ‘मार्गदर्शनही नाही’ असा होऊ नये. जो माणूस स्वतःच्या खर्चाने नियमातली व्यवस्था करू इच्छितो, त्याला नियमाची प्रत दाखवायला काय हरकत आहे?

ती प्रत मी अखेर स्वतः मिळवली आणि अनुसूची वाचून चकित झालो. पाणी कसे साठवावे, कोठे साठवावे आणि कशासाठी वापरावे, हे तिथे बऱ्याच बारकाईने दिले आहे. किमान एक मीटर व्यासाची आणि सहा मीटर खोल उघडी विहीर, कूपनलिकेभोवती किमान तीन मीटर खोल खणून खडी आणि वाळूने भरलेला खड्डा, जमिनीखालील साठवण टाकी, शोषखड्डे व चर असे पर्याय आहेत. साठवण टाकी सामासिक अंतरात, म्हणजे घर आणि कुंपण यांच्यामधल्या मोकळ्या जागेत, बांधता येते. तिला हवा खेळेल असे झाकण हवे, पाणी काढायला तोटी हवी आणि जादा पाणी जायला वाट हवी. धुणे, झाडे आणि तत्सम घरगुती कामांसाठी हे पाणी वापरावे, असे नियमात सरळ लिहिले आहे. पिण्या-स्वयंपाकासाठी शक्यतो वापरू नये आणि अपवाद म्हणून वापरायचेच झाले तर गाळणी, पहिले पाणी बाहेर सोडण्याची स्वतंत्र वाट आणि निर्जंतुकीकरण यांची व्यवस्था असावी, असेही म्हटले आहे. गच्चीवरून येणाऱ्या नळांना पहिल्या पावसाचे घाण पाणी सोडून देणारा व्हॉल्व्ह आणि सगळ्या उघड्या तोंडांना डास शिरणार नाहीत अशी जाळी आवश्यक आहे. एवढेच नव्हे, तर पुरेशी साठवण होत असेल तर अनुसूचीहून वेगळ्या रचनेलाही मान्यता देण्याचा अधिकार प्राधिकरणाला दिलेला आहे. हे सारे वाचल्यावर ज्या खिडकीवरून मला परत पाठवले, तिथल्या टेबलाच्या खणातही हीच नियमावली असणार, या विचाराने थोडे वाईट वाटले.

खड्डा की टाकी, हा पुढचा प्रश्न. ‘रेन वॉटर हार्वेस्टिंग’ म्हटले की आपल्याकडे अधिकारी, कंत्राटदार आणि वास्तुविशारद या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर शोषखड्डाच येतो, कारण तो स्वस्त असतो, नकाशावर एक चौकोन काढून दाखवता येतो आणि एकदा बुजवला की त्याच्याकडे पुन्हा पाहावे लागत नाही. अनुसूचीत शोषखड्ड्याचे माप १.२ मीटर लांब, तितकाच रुंद आणि २ ते अडीच मीटर खोल असे दिले आहे. खालच्या अर्ध्या भागात ४० मिलिमीटरची खडी, तिच्यावर २० मिलिमीटरची खडी, मग जाड वाळू, सर्वांत वर बारीक वाळूचा पातळ थर, अशी भरणी सांगितली आहे. मी माणसे लावून परसात खणायला घेतले, तेव्हा वरची काळी माती दोन फूट, खाली दोन फूट मुरूम आणि त्यानंतर पहार टणकन वाजून परत येईल असा काळा पाषाण लागला. दख्खनच्या पठारावर हे नवलाचे नाही. बेसाल्टच्या ज्या थरांत भेगा आणि पोकळ्या आहेत ते पाणी घेतात, घट्ट थर घेत नाहीत, आणि आपल्या परसाखाली कोणता थर आहे हे खणल्याशिवाय कळत नाही. त्या चार फुटी खड्ड्यात मी बादल्यांनी पाणी ओतून पाहिले, तिसऱ्या दिवशी सकाळी त्यात बेडूक होता. अशा जमिनीवर शोषखड्डा बांधणे म्हणजे पाण्याला वाट दाखवल्याचे नाटक करणे. शिवाय शेजारच्या घराच्या भिंतीला वा पायाला ओल येऊ नये, अशी अटही नियमात आहे आणि आमच्या दोन घरांच्या भिंतींत अंतर जेमतेम बारा फुटांचे आहे. शेजाऱ्यांनी कुंपणापलीकडून ही अट मला ऐकवली नाही, फक्त, ‘भाऊ, आमच्या देवघराची भिंत त्याच बाजूला आहे,’ एवढेच म्हटले, आणि मी खड्डा बुजवून टाकला.

म्हणून पाच हजार लिटरची टाकी बसवायचे ठरले. टाकीपर्यंतचे काम सोपे होते. गच्चीच्या दोन पन्हळी एकत्र आणल्या, वाटेत वाळू-खडीची गाळणी बसवली आणि पहिले दोन मिलिमीटर पाणी, म्हणजे माझ्या गच्चीच्या मापाने सुमारे १८० लिटर, बाहेर जाईल अशा बेताने उभ्या नळाला खाली एक व्हॉल्व्ह दिला. पाणी घरात आणतानाचा टप्पा मात्र जोखमीचा आहे आणि त्याविषयी वाचकांना सावध करणे मला आवश्यक वाटते. आमच्या प्लंबरने पहिल्याच दिवशी सुचवले की गच्चीवरच्या नेहमीच्याच टाकीत हे पाणी चढवू, मध्ये एक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह टाकू, म्हणजे वेगळे पाइप ओढायला नकोत. चार-पाच हजार रुपये वाचले असते. पण कबुतरांनी वस्ती केलेल्या गच्चीवरचे पाणी पिण्याच्या टाकीत जाणार, हा धोका तर उघडच आहे. दुसरा धोका गल्लीतल्या साऱ्यांना आहे. आपल्याकडे नळाला पाणी ठरावीक तासच येते, उरलेल्या वेळी मुख्य वाहिनी रिकामी असते आणि पाणी येताच लोक थेट नळाला मोटर लावतात. अशा वेळी वाहिनीत ओढ निर्माण होऊन, जोडणीतला व्हॉल्व्ह गंजलेला किंवा कचरा अडकून उघडा राहिलेला असेल, तर आपल्या टाकीतले पाणी उलटे वाहिनीत जाऊन शेजाऱ्याच्या माठात पोहोचू शकते. म्हणून मी वर ३०० लिटरची स्वतंत्र टाकी ठेवली, तिचे पाइप फक्त संडासाच्या फ्लशला आणि मोरीतल्या एका तोटीला दिले आणि त्या पाइपांना हिरवा रंग लावून तोटीवर ‘पिण्याचे नाही’ असे ऑइलपेंटने लिहिले. पावसाने दडी मारली तर नळाचे पाणी त्या टाकीत सोडावे लागते. तो नळ टाकीच्या काठाच्या वीतभर वर संपतो, म्हणजे दोन पाण्यांची गाठ कधीच पडत नाही. गेल्या तीन वर्षांत माझ्याकडे दोन निरीक्षक येऊन गेले, दोघांनीही या जोडणीकडे ढुंकूनही पाहिले नाही. खरे तर तपासायची एकच गोष्ट असेल तर ती हीच आहे.

त्यांतले पहिले निरीक्षक हिवताप विभागाचे. पहिल्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते बॅटरी घेऊन आले, टाकीचे झाकण उघडून त्यांनी प्रकाश टाकला आणि पाण्यात वळवळणाऱ्या अळ्या मला दाखवल्या. चूक सर्वस्वी माझी होती. सगळ्या तोंडांना मी जाळी लावली होती, फक्त जादा पाणी जाणाऱ्या पाइपाचे तोंड विसरलो होतो. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात आणि त्याला स्वच्छ साठवलेले पाणीच आवडते, तेव्हा नोटीस मिळाली याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार त्या नोटिशीतल्या छापील मजकुराबद्दल आहे: ‘साठा तात्काळ रिकामा करावा.’ भंगारातले टायर, फुटक्या कुंड्या आणि कूलर यांच्यासाठी तयार केलेला तो मजकूर पाच हजार लिटरच्या झाकलेल्या टाकीलाही तसाच लावला गेला. मी पाणी गटारात सोडले, जाळी बसवली आणि दोन आठवडे पुन्हा नळाचे पाणी संडासात ओतले. जाळी बसवून अळीनाशक टाकावे किंवा गप्पी मासे सोडावेत, असा पर्याय त्या कागदावर असता तर पाणी वाचले असते आणि डासही मेले असते.

दुसरे निरीक्षक करआकारणी विभागाचे. राज्यातल्या काही महापालिका पर्जन्यजल संचय, सौरऊर्जा, गांडूळखत अशा व्यवस्था असलेल्या घरांना करात सवलत देतात. पुण्यात ती एका व्यवस्थेसाठी ५ टक्के आणि दोन असल्यास १० टक्के आहे. आमच्याकडेही अशीच सवलत आहे, म्हणून मी छायाचित्रांसह अर्ज केला. तपासणी झाली ती एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात, दुपारी दोन वाजता. टाकी अर्थातच कोरडी होती, तळाला पावसाने आणलेला बोटभर गाळ होता आणि तोही भेगाळला होता. अहवालात शेरा पडला: ‘प्रकल्प बंद अवस्थेत.’ एका विभागाने टाकी भरलेली आहे म्हणून नोटीस दिली आणि दुसऱ्याने ती रिकामी आहे म्हणून सवलत नाकारली. दोन्ही कार्यालये एकाच इमारतीत, एका जिन्याच्या अंतरावर आहेत. हे मी विनोद म्हणून लिहीत नाही. कर विभागाचे काम मार्चअखेरीच्या धावपळीनंतर हलके होते, म्हणून तपासण्या एप्रिल-मेमध्ये लागतात, असे त्या निरीक्षकांनीच मला चहा पिताना सांगितले. माणूस सज्जन होता, त्यांच्या हातातल्या तक्त्यात ‘चालू’ आणि ‘बंद’ असे दोनच रकाने होते.

ज्यांना नियम सक्तीचा आहे त्यांची स्थिती वेगळी, पण बरी म्हणता येणार नाही. माझी बहीण अठ्ठेचाळीस सदनिकांच्या एका गृहनिर्माण संस्थेत राहते. भूखंड पाचशे चौरस मीटरच्या कितीतरी पुढचा असल्याने भोगवटा प्रमाणपत्राच्या वेळी दोन शोषखड्डे आणि कूपनलिकेचे पुनर्भरण मंजूर नकाशावर होते. गेल्या मे महिन्यात कूपनलिका आटली आणि टँकर सुरू झाले, तेव्हा नकाशा घेऊन आम्ही खड्डे शोधायला निघालो. एक खड्डा वाहनतळाच्या पेव्हर ब्लॉकखाली निघाला, दुसऱ्यावर सुरक्षारक्षकाची केबिन होती. कूपनलिकेभोवतीची गाळणी उघडली तर वाळू आणि गाळ यांचा एकजीव दगड झाला होता. ही व्यवस्था कायम सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी नियमाने मालकावर आणि संस्थेवर टाकली आहे, आणि ती नसल्यास किंवा न राखल्यास दर १०० चौरस मीटर बांधकाम क्षेत्रामागे वर्षाला १००० रुपयांपर्यंत आकार लावण्याचा अधिकार प्राधिकरणाला दिला आहे. त्या संस्थेत हा नियम ठाऊक असलेला सभासद एकही नव्हता, कारण इमारत ताब्यात घेताना मिळालेल्या कागदांच्या गठ्ठ्यात उद्वाहकाच्या देखभालीची पुस्तिका होती, खड्ड्यांविषयी ओळ नव्हती. सर्वसाधारण सभेत विषय निघाला तेव्हा तळमजल्यावरच्या सभासदांनी ओल येईल म्हणून विरोध केला, वरच्या मजल्यावरच्यांनी गच्ची आमच्या डोक्यावर आहे म्हणून आक्षेप घेतला आणि टँकरचे बिल सर्वांत समान वाटण्याचा ठराव मात्र एकमताने मंजूर झाला.

माझी मागणी नवा कायदा करण्याची नाही. नियमावलीतली ती अनुसूची सोप्या मराठीत, दोन पानांत, आकृतीसह छापून प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयात ठेवावी आणि पाच गुंठ्यांच्या आतल्या माणसालाही ती मागितल्यावर मिळावी. अर्ज एकाच खिडकीवर घेतला जावा आणि त्याची एक प्रत हिवताप विभागाकडे जावी, म्हणजे कोणत्या घरात झाकलेली टाकी आहे हे त्यांना आधीच ठाऊक असेल. सवलतीची तपासणी जुलै ते सप्टेंबर या काळातच व्हावी आणि तीत टाकी भरली आहे की नाही यापेक्षा पहिल्या पाण्याचा व्हॉल्व्ह, जाळी आणि पिण्याच्या पाण्यापासून वेगळी जोडणी या तीन गोष्टी पाहाव्यात. जिथे जमीन पाणी घेत नाही, तिथे खड्ड्याऐवजी टाकी मान्य करण्याचा जो अधिकार नियमाने आधीच दिला आहे, तो अभियंत्यांनी न कचरता वापरावा. मोठ्या संस्थांच्या बाबतीत आकार वसूल करण्याआधी एकदा तरी खड्डे कोठे आहेत हे दाखवणारा मंजूर नकाशा संस्थेच्या हाती द्यावा. यांपैकी कशालाही अंदाजपत्रकात मोठी तरतूद लागेल असे मला वाटत नाही.

सवलतीसाठी मी या वर्षी पुन्हा अर्ज केला असून, त्यावर लाल शाईने ‘तपासणी पावसाळ्यात करावी, ही विनंती’ असे लिहिले आहे. आवक कक्षातल्या बाईंनी ते वाचून माझ्याकडे पाहिले, शिक्का मारला आणि पोच दिली. जाळी चारही तोंडांना बसवलेली आहे.

आपला,
एक नियमित वाचक